लाल टॅग लावलेली डबी

टिकारामकाकांच्या घरात गेलं की आधी लाल टॅग दिसतात, मग माणसं. गिझरला एक, मिक्सरला एक, अंगणातल्या लोखंडी झोपाळ्याला एक. तळहाताएवढा लाल पुठ्ठा, त्यावर "चालू करू नये", आणि खाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात नाव, तारीख, कारण. गिझरच्या टॅगवर कारण लिहिलंय, "हाताला मुंग्या आल्या." इलेक्ट्रिशियन येऊन दुरुस्ती करून गेला, त्यालाही दोन हिवाळे झाले. पण काकांची स्वतःची खात्री पटलेली नाही, आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, हा आमच्या पोलाद कारखान्याचा, म्हणजे प्लांटचा नियम. तेव्हा भीमाकाकू दोन हिवाळे गॅसवर पातेलं ठेवून आंघोळीचं पाणी तापवताहेत. नवा माणूस हे बघून हसतो. मीही पुष्कळ हसलोय.

टिकाराम मेश्राम हे स्मृति नगरातले आमचे शेजारी, पण त्याआधी माझ्या बाबांचे जोडीदार. बाबा, म्हणजे रामाजी भोयर, आणि काका एकाच वर्षी भंडाऱ्याकडून भिलाईत आले आणि दोघांनी कोक ओव्हनच्या एकाच बॅटरीवर नोकरी काढली. बॅटरी म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांची लांबलचक रांग. बाबा गेल्यावर मी तिथेच लागलो, तोही काकांच्याच हाताखाली. मी डोक्यानं गरम, काका माझ्याहून गरम. आमची भांडणं अख्ख्या शिफ्टला पाठ होती.

पण टॅगवरून मी त्यांच्याशी कधी भांडलो नाही. प्लांटमध्ये लागण्याआधी काका गावाकडच्या एका राईस मिलमध्ये कामाला होते. पट्ट्यात अडकलेलं पोतं काढायला त्यांचा धाकटा भाऊ आत वाकला होता, आणि कोणीतरी न बघता स्विच दाबला. भावाचा उजवा हात कोपरापासून गेला. "एक पुठ्ठा लटकवला असता तं पोरगा दोन हातांनी जेवला असता," असं काका म्हणायचे. म्हणून शंका आली की आधी बंद करायचं, टॅग लावायचा, आणि मग विचार करायचा. टॅग लागलेल्या मशीनला हात लावणाऱ्याला त्यांनी आयुष्यात माफ केलं नाही. एकदा मी नुसता टॅग वाचायला बाजूला सरकवला, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भीमाकाकू अगदी उलट, मऊ स्वभावाच्या. विहाराच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. दर रविवारी वंदना त्याच सांगतात. साठी ओलांडली आणि त्यांचे गुडघे गेले. सगळ्या बाया चटईवर, आणि काकू एकट्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. बुद्धमूर्तीसमोर उंच बसायची त्यांना एवढी लाज वाटायची की पुढे पुढे त्या रविवार चुकवायला लागल्या. लागोपाठ दोन वर्षं दीक्षाभूमीवर जाणं झालं नाही, ते तर त्यांच्या मनाला फार लागलं. पुण्याहून मुलानं, अमरदीपनं, सांध्यांच्या कॅप्सूल पाठवल्या, ग्लुकोसामाइनच्या. त्या घेतल्या की काकूंचं पोट फुगायचं, छातीत जळजळायचं. महिनाभरात त्या कॅप्सूल कपाटात गेल्या.

मग ते चूर्ण आलं. भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात एक माणूस भाड्याचा गाळा घेऊन बसला होता. पांढरी प्लास्टिकची डबी, हिरवं झाकण, वर एक चिठ्ठी चिकटवलेली: "सांध्यांसाठी, शंभर टक्के जडीबुटी." सकाळी एक चमचा, कोमट पाण्यासोबत. आठव्या दिवशी काकू मांडी घालून बसल्या. मी स्वतः पाहिलं, आणि खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी जाऊन माझ्या आईसाठी एक डबी आणली. ऑक्टोबरात काकू नागपूरला जाऊन आल्या, दीक्षाभूमीवर तासन्‌तास रांगेत उभ्या राहिल्या. प्रमुखबाई खाली बसून वंदना सांगते म्हटल्यावर मंडळातल्या बायाही चूर्ण घेऊ लागल्या. सहा बाया विहारातल्या, सातवी माझी आई नलू, आठव्या काकू.

चौदा महिने हे चाललं. या चौदा महिन्यांत काकू दर महिन्याला ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणायला मेडिकल बुक घेऊन प्लांटच्या हॉस्पिटलात जात होत्या. पण त्या बुकात चूर्णाचं नाव कधी चढलं नाही, कारण काकूंनी ते सांगितलंच नाही. आमच्या लेखी ते औषध नव्हतंच ना! जडीबुटी होती. चहा पिता हे कोणी डॉक्टरला सांगतं का, तसं. काकूंचे गाल भरले, आईचे गाल भरले, तेव्हा आम्ही म्हणालो, तब्येत सुधारली. आईला शुगर निघाली, तेव्हा मी तिलाच रागावलो, चोरून गोड खातेस म्हणून. आज ते आठवलं की मला माझीच चीड येते.

काकांना शंका आली ती काकूंच्या मनगटामुळे. बांगडी नुसती घासली तरी निळा डाग पडायचा. एका सोमवारी सकाळी त्यांनी चष्मा लावला, डबी हातात घेतली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती वाचली. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. प्लांटमध्ये ज्या सिलिंडरवर खूण नाही त्याला काका कोणाला शिवू द्यायचे नाहीत, आणि घरात बायको रोज सकाळी बेनाव भुकटी खात होती! ते तडक पावर हाउसला गेले. गाळ्याचं शटर बंद. शेजारचा दुकानदार म्हणाला, तो तर महिन्यापूर्वीच गेला, कुठे ते ठाऊक नाही.

मग काकांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे केलं. झाकणाला आणि डबीला भोक पाडून तांब्याची तार ओवली, पिळली आणि टॅग लटकवला. नाव, तारीख, कारण: "माल बेवारशी." एवढ्यावर थांबले नाहीत. उरलेल्या सात घरी सायकलवर गेले आणि साती डब्यांना तार मारून टॅग लावला. आमच्याकडे आले तेव्हा आई कुरकुरली.

"भाऊजी, कावून माह्या गुडघ्याच्या मागं लागले तुमी? आत्ता कुठं चालून राहिली मी."

"वैनी, हे जहर आहे. आजपासून एक चिमूटबी नाई. टॅग तोडला तं माह्याशी बोलू नका."

मी काकांच्या बाजूनं होतो. आईला म्हणालो, काका सांगतात ते ऐक. दुसऱ्या दिवशी मंगळवारी आई डबी पिशवीत टाकून नंदिनी नगरला माझ्या बहिणीकडे, मोनाकडे, राहायला गेली. मी विचारलं, डबी कशाला? म्हणाली, फेकवत नाही, पैसे पडले आहेत. मला ते पटलं.

बुधवारी काकूंना अशक्तपणा आला. गुरुवारी उलट्या. काका मला अंगणातून ओरडून म्हणाले, "जहर निघून राहिलं अंगातून. निघू दे." त्यांच्या आवाजात समाधान होतं. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास त्यांची मुलगी संघमित्रा धावत आमच्या दारात आली. काकू ओट्यापाशी पडल्या होत्या. डोळे उघडे, पण बोलणं विस्कटलेलं, हातपाय गार. मी गाडी काढली. काका मागच्या सीटवर काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि हॉस्पिटल येईपर्यंत एकच वाक्य बोलत राहिले, "मी बंद केलं होतं ना ते. मी बंद केलं होतं ना."

इमर्जन्सीत तिशीतली एक डॉक्टर होती. तिनं ब्लड प्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं, सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं आणि मेडिकल बुक चाळलं. "और क्या-क्या लेती हैं? सब बताइए. कैप्सूल, चूरन, टॉनिक, कुछ भी."

काका पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "एक चूरन लेती थी घुटनों का. हमने बंद करा दिया. सोमवार को. एकदम."

डॉक्टर बुक ठेवून वळली. "कितने दिन से ले रही थीं?"

"चौदह महीने."

ती पलंगापाशी गेली. काकूंचा गोल झालेला चेहरा तिनं उजेडात पाहिला, मनगटावरचे डाग पाहिले, दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग सिस्टरला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, रक्त काढून घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, रिपोर्ट यायचा तेव्हा येईल, मी थांबणार नाही. इंजेक्शन दिलं गेलं. नंतर तिनं आम्हाला बाजूला घेतलं.

तिचं म्हणणं असं होतं. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. म्हणून तर गुडघे आठ दिवसांत पळायला लागतात. तेच स्टेरॉईड चेहरा फुगवतं, कातडी पातळ करतं, शुगर चढवतं, हाडं पोकळ करतं. आपलं शरीरही रोज थोडं स्टेरॉईड स्वतः बनवतं. पण बाहेरून महिनोन्‌महिने मिळत राहिलं की शरीर आपलं बनवणं सोडून देतं. मग बाहेरचं एका दिवसात थांबलं तर अंगात काहीच उरत नाही. प्रेशर पडतं, शुगर पडते, माणूस जातो. चूर्ण वाईटच, पण ते सोडवायचं डॉक्टरनं. मोजलेल्या गोळ्या देऊन, महिन्या-महिन्यानं उतरवत.

काका ऐकत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचा रंगच गेला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आनंद, मी चालू बॅटरी थंडी केली."

मला समजलं. कोक ओव्हनची भट्टी पेटवायला दोन-तीन महिने लागतात, रोज थोडी थोडी आच वाढवत. आणि एकदा पेटली की ती विझवायची नसते. एकदम थंड केली तर आतल्या विटा तडकतात, भिंतीच्या भिंती बसतात. काम नसलं तरी आच ठेवायची. हे मला शिकवलं कोणी? काकांनीच. नव्या भरतीच्या प्रत्येक पोराला बॅटरीच्या माथ्यावर उभं करून पहिला धडा ते हाच द्यायचे.

"और किसी ने तो नहीं लिया न वो चूरन?" डॉक्टरनं विचारलं.

मी म्हणालो, सात जणी. सगळ्यांचं सोमवारी बंद झालं आहे.

"सबको अभी लाइए. आज. डब्बे के साथ. अपने आप न कोई शुरू करे, न बंद करे."

सोमवार ते शुक्रवार. चौथा दिवस संपून पाचवा लागला होता. आणि सातांतली एक माझी आई होती. मी आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मोना शाळेत शिकवते, वर्ग चालू असताना तिचा फोन कपाटात बंद असतो. तिचा नवरा खाणीत ड्यूटीवर. म्हणजे दुपारी दोनपर्यंत आई घरात एकटी होती.

संघमित्रानं विहारातल्या सहा जणींना फोन सुरू केले. दोघी झोपूनच होत्या, अंगात ताकद नाही म्हणत होत्या. ती रिक्षा सांगून निघाली. काका मात्र पलंगाची दांडी धरून उभेच. तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ओठ कोरडे पडले होते.

"माह्यापाशी बसून काय करता?" त्या म्हणाल्या. "माह्या भरवशावर खाल्लं त्यायनं. जा ना. नलूवैनीले आणा."

आम्ही निघालो. नंदिनी नगरचा रस्ता चुनखडीच्या ट्रकांनी पांढरा झालेला असतो. पुढचा ट्रक दिसावा म्हणून मी हेडलाइट लावले होते, भर सकाळी. दर दोन मिनिटांनी काका माझ्या फोनवरून आईला लावत होते आणि घंटी संपली की फोन मांडीवर ठेवत होते. रेल्वेचं फाटक लागलं तर बंद. खाणीतून दगड घेऊन मालगाडी येत होती, संपता संपेना. मी डबे मोजले, चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं, आणि तिथे माझा बांध फुटला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं टॅग लावायला?" मी ओरडलो. "ती मशीन आहे का? डॉक्टरला विचारता आलं नाही? प्रत्येक गोष्टीला तुमचा टॅग! माझ्या आईला काही झालं ना काका, तर मी तुमचं तोंड पाहणार नाही."

नेहमीचे काका असते तर फाटक उघडेपर्यंत आमची जुंपली असती. ते समोर बघत बसले. एवढंच म्हणाले, "मीबी नाई पाहणार. आरशात." मला आणखीच राग आला, आणि रडूही. कारण डबी आणून देणारा मी होतो. काकांवर ओरडायचा मला काय हक्क होता? पण त्या वेळी दुसरं कोणी समोर नव्हतं.

मोनाचं क्वार्टर ओळीतलं शेवटचं. आजूबाजूची दोन-तीन क्वार्टरं रिकामीच पडली आहेत, हाक मारायला माणूस नाही. दाराला आतून कडी. मी दार बडवलं. "आई! ए आई!" आतून फोन वाजल्याचा आवाज येत होता, कारण काका अजूनही लावतच होते. मी खिडकीकडे धावलो. पडदा अर्धा सरकलेला होता. पलंगावर कोणी नाही. फोन उशीवर. आणि समोरच्या फळीवर ती हिरव्या झाकणाची डबी. झाकणाला तांब्याची तार, तारेला लाल टॅग. तार तशीच पिळलेली, टॅगला सुरकुतीसुद्धा नाही.

काकांनी खिडकीचा गज धरला. चाळीस वर्षं हा माणूस शिफ्टच्या सुरुवातीला फेरी मारायचा आणि टॅग जागच्या जागी दिसला की समाधानानं मान हलवायचा. "नाई तोडला," ते पुटपुटले. "नाई तोडला तिनं. खाल्लंच नाई." मी दाराला खांदा दिला. कडी हलली, निघाली नाही. दुसऱ्यांदा मागे सरलो तेव्हा डोक्यावरून आवाज आला.

"आनंद्या! दार तोडतं का बे पोरीचं?"

आई गच्चीवर होती. पदर खोचलेला, दोन्ही हातांना उडदाचं पीठ. मोनासाठी रखिया-बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, घालून उन्हात वाळत ठेवत होती. जिन्यावरून ती स्वतःच्या पायांनी खाली आली, मागच्या दारानं आत शिरली आणि पुढच्या दाराची कडी काढली. मी तिला घट्ट धरलं. माझ्या शर्टाला सगळं पीठ लागलं. ती म्हणाली, "कोण मेलं?"

"आई, उलटी होते का? चक्कर? अंगात ताकद आहे?"

"मले काय धाड भरली?"

काका आत गेले होते. ते फळीवरची डबी घेऊन बाहेर आले, आणि आईचा चेहरा पडला. आजवर मी तिला एवढी घाबरलेली पाहिली नव्हती. काकांनी डबी हलवली. नुसता खडखडाट, आत फार काही नव्हतं. त्यांनी ती उलटी केली. बुडाला सुरीनं कापलेला तुकडा होता, रुपयाएवढा, आणि त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेला.

आईनं हात जोडले. "भाऊजी, माफ करा. टॅग नाई तोडला मी. हात नाई लावला त्याले. खालून कापलं. रोज सकाळी एक चमचा. काय करू, गुडघे पुन्हा जातीन असं भेव वाटे मले. तुमी बोलणं सोडसान म्हणून सांगितलं नाई."

मला वाटलं, आता तरी काका ओरडतील. ते ओट्याच्या पायरीवर खाली बसले आणि ढसाढसा रडले. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना भावाच्या हाताबद्दल बोलतानासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मग ते वाकले आणि माझ्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वैनी," ते म्हणाले, "बरं केलं तुमी. माह्यं नाई ऐकलं, बरं केलं."

आईला काही समजेना. मी तिला गाडीत घालून सगळं सांगितलं. फाटकापाशी पोहोचल्यावर ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी चोरी केली म्हणून वाचली?" मी म्हणालो, वाचलीस असं अजून म्हणू नकोस. आणि ते खरंच होतं. हॉस्पिटलात तिची शुगर निघाली तीनशे ऐंशी, प्रेशर एकशे नव्वद. ती पाठ दाबून दाखवत होती ती साधी उसण नव्हती, मणका दबला होता. तीच डॉक्टर म्हणाली, आणखी काही महिने हे चूर्ण चाललं असतं तर ही बाई वेगळ्या कारणानं इथे आली असती. चूर्ण बंद झालं, त्याऐवजी छोट्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. किती महिन्यांत किती उतरवायच्या, ते मेडिकल बुकात लिहिलं गेलं. संघमित्रानं सहाही जणी आणल्या होत्या. त्यातल्या दोघींना ठेवून घ्यावं लागलं, चौघी गोळ्या घेऊन घरी गेल्या. गुडघे सगळ्यांचेच दुखू लागले आणि अजून दुखतात.

दुपारी वॉर्डात काकूंच्या शेजारचाच पलंग आईला मिळाला. काकूंना सलाइन चालू होतं, पण रंग परत आला होता. दोघींच्या मधल्या स्टुलावर काका बसले होते. डॉक्टर डब्या तपासणीला पाठवायला गोळा करत होती. आईची डबी उघडायला तिनं कात्री घेतली आणि तार कापायला गेली.

"रुकिए, मैडम," काका म्हणाले. "ये हमने लगाया है. हम ही निकालेंगे."

ती थांबली. काकांनी तार धरली. तारेचा पीळ सुटेना. मी डबी धरली, तेव्हा कुठे तो सुटला. टॅग त्यांनी सरळ केला, स्वतःचं नाव, तारीख आणि कारण पुन्हा एकदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. असे आठ टॅग त्यांनी त्या स्टुलावर बसून एकेक करून काढले. कोणी घाई केली नाही.

काकू उशीवरून बघत होत्या. आठवा टॅग खिशात गेला तेव्हा त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "घरी गेल्यावर गिझरचाबी काढा आता."

"काढतो," काका म्हणाले. "पण पहिले इलेक्ट्रिशियनले विचारतो."